आपापला कवडसा

शेलवाडी, ता. उमरी
दि. ६ मे

ती. आक्का हिस,
धाकट्या पंचशीलाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

मोबाईलचा टॉवर आडवा झालाय, म्हणून हे पत्र. शेजारचा वैजनाथ ताडपत्र्या आणायला उमरीला चाललाय, त्याच्या हाती पोस्टात टाकायला देतेय. आधी एवढं वाच, की मी बरी हाय, पोटातलं लेकरू बी बरं हाय, सारखी वळवळ करून राहिलंय. आमचे हे मुदखेडला रेल्वेच्या ड्युटीवर होते, तेही सुखरूप.

आक्का, वादळानं साऱ्या गावाची झाकणं काढून नेली. पत्रे रानोमाळ उडाले. दुसऱ्या दिवशी माणसं आपापल्या भिंतींच्या आत बसून आभाळाकडं बघत होती. चुलीपुढं बसून घार बघायची सवय कुणाला असते? भ्यायचं सोडून मला सगळं सपनात असल्यासारखं वाटत होतं.

त्या सपनातच एक घोळ करून बसले. सरपंच ना मी! सगळे पत्रे ट्रॅक्टरनं गोळा करून शाळेच्या मैदानात ढीग लावायला सांगितला. आता कुणाचा पत्रा कोणता, ते कळेना. जरा धड पत्रा दिसला की दोघं धरतात. गावाचे आणि आपल्या भीमनगरचे पत्रे एकाच ढिगात पडले, ह्यानंही काहींच्या पोटात दुखलं. गावातल्या साखराबाईनं तर चारचौघांत सुनावलं, की तुला मत दिलं न्हाई तेच बरं केलं. मलाही राग आला. म्हणाले, शेवटच्या घरावर पत्रा चढल्याशिवाय माझ्या घरावर चढणार नाही. पंचनामे चालू हायत, सरकारी मदत यायची तेव्हा येईल.

बाकी सगळं उघड्यावर हाय, तुझ्या मायेची तेवढी सावली असू दे.

तुझी,
पंचशीला


लातूर
दि. १० मे

चि. सौ. पंचशीला हिस,
बुद्धप्रियाचा जयभीम आणि पोटातल्या पाहुण्यासकट आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र ड्युटीवरच वाचलं. नर्सबाईला काय झालं म्हणून पेशंटच विचारपूस करायला लागले.

शेवटचं घर म्हणे! अगं, दिवस भरत आले तुझे. ओली बाळंतीण काय ताडपत्रीखाली निजणार? इथून पुढं सभेत बोलताना एक हात पोटावर ठेवून बोलत जा, म्हणजे आठवण राहील. आई असती तर कान धरून लातूरला आणलं असतं तुला. तिच्यामागं ते काम माझ्याकडं आलंय. रजा मिळाली की येतेच.

आईवरून आठवलं. तिच्याकडं घड्याळ कुठं होतं? पत्र्याच्या भोकातला कवडसा जात्यावर आला की ती आपल्याला शाळेला हाकलायची. सुट्टीत आपण खाली निजून वरची भोकं बघत बसायचो. तू त्यांना दिवसाच्या चांदण्या म्हणायचीस. कुठलं भोक कुठं होतं, ते डोळे मिटले की आजही दिसतं मला. असू दे, ही काय वेळ हाय असल्या गोष्टींची! डिंक, खारीक घेऊन ठेवलीय.

रागावले तरी माया पातळ होत नाही, हे ध्यानात ठेव.

तुझी,
आक्का


शेलवाडी
दि. १५ मे

ती. आक्का हिस,
जयभीम. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि तशीच मैदानात गेले. पत्रे बल्ल्यांवर आडवे धरायला लावले आणि ज्याला शंका त्यानं खाली निजून आपली भोकं ओळखावीत, म्हणाले. लोक हसले. म्हणाले, सरपंचबाईला उन्ह लागलं. मग म्हातारे व्यंकटीमामा निजले. दोन पत्र्यांना नाही म्हणाले, तिसऱ्याखाली भोकांची ओळ बोटानं मोजत राहिले. त्यांचाच होता तो.

मग सारं गाव मैदानात आडवं झालं, आक्का. आजारपणात, बाळंतपणात, उन्हाळ्याच्या दुपारी, प्रत्येकानं आपलं छत बघितलेलंच असतं. भांडणं मिटली. खात्री करायला म्हणून मीही जड अंगानं प्रत्येकाखाली निजले. साखराबाई आपल्या पत्र्याखालून उठेचना. तिचे मालक, दगडोबा, वारून दोन वर्षं झाली. पत्र्याच्या मोठ्या भोकातला कवडसा त्यांच्या गुडघ्यावर आला की ते चहा मागायचे, असं तिनंच मला सांगितलं. मग माझ्याशी बोलायचं नाही हे आठवलं आणि पदर सावरून गेली.

सगळ्यांची घरं झाकली. आमचे पत्रे तेवढे मिळाले नाहीत, नायगावकडं उडाले म्हणतात. शब्द पाळला, पण आता भीती वाटते गं. पावसाळा तोंडावर हाय आणि कळा कधीही येतील. तू ये.

तुझी वाट बघणारी,
पंचशीला


शेलवाडी
दि. ३० मे

ती. आक्का हिस,
पंचशीलाचा आणि तुझ्या इवल्या भाचीचा जयभीम. वि. वि.

उमरीच्या दवाखान्यात माझं बाळंतपण निभावून तू परत निघालीस, तेव्हा तुझं तोंड उतरलेलं होतं. लेकरू ताडपत्रीखाली जाणार, हेच तुझ्या मनात होतं. टॉवर उभा राहिलाय, पण फोनवर सांगायला गेले तर नुसतं रडूच येतं, म्हणून लिहिते.

घरावर छत होतं, आक्का! एक पत्रा निळा, एक गंजका, एक पार वाकडा. कुणी घातलं, ते कुणी कबूल होईना. आमचे हे तेवढे गालातल्या गालात हसत होते. मी पोरीला घेऊन खाली निजले, वर बघितलं आणि ओळखत गेले. ही व्यंकटीमामांची भोकांची ओळ, हे गल्लीतल्या शरणम्माचं तिकोन. मैदानात सगळ्यांखाली निजले होते ना मी! घराघरानं एकेक पत्रा उतरवून दिला होता आणि आपल्या तेवढ्या जागी ताडपत्री बांधली होती. गावानंही, भीमनगरानंही.

पाळण्याच्या वर एक मोठं भोक होतं. ते बघितलं आणि तशीच साखराबाईकडं गेले, पत्रा परत घे म्हणाले. ती म्हणाली, मत तुला दिलं न्हाई, पुढचं बी सांगत न्हाई. पण मालक गेल्यापासून तो कवडसा रिकाम्या जागेवर पडून राहिला होता. आता कुणाच्या तरी अंगावर पडू दे.

पावसाआधी बाकीची भोकं डांबर लावून बुजवली. ते एक ठेवलंय, पाऊस आला की पाळणा सरकवून खाली परात ठेवीन. साखराबाई रोज दुपारी येते, पाळण्यापाशी बसते. कवडसा सरकत सरकत पोरीच्या गुडघ्यावर येतो, तेव्हा ती माझ्याकडं बघते. मी उठून चहा ठेवते.

छपराचं मिटलं, आता फक्त तू येत राहा.

तुझी,
पंचशीला