खाट नंबर सातची गुप्तता

सोमवार, ११ जानेवारी १९७१

आजपासून रोजनिशी. माझ्यासारख्या ट्रेन्ड माणसाचे विचार वाया जाऊ नयेत. श्रीरामपुरातल्या या दवाखान्यात नर्सिंगची परीक्षा पास झालेला पुरुष मी एकटा. लोक ब्रदर म्हणतात. काही नुसतेच सहादेव म्हणतात. ते सुधारले पाहिजे.

दुपारी ओव्हर. म्हणजे जाणाऱ्या सिस्टर दमयंतीने मला एकेक खाट दाखवून पेशंटची हकीकत सांगायची. ही बाई घोडेगावच्या बाजारात बैल दाखवावा तशी पेशंट दाखवते. याला शौचाला झाली नाही, त्याची लघवी तुंबली, सगळे खणखणीत मराठीत. नातेवाईक भाकरी खातखात ऐकतात. खाट तीनच्या म्हाताऱ्याची बायको छबूबाई तर मधेच हात वर करून पुन्हा सांगायला लावते. पेशंटला अब्रू आहे की नाही?

ठराव : यापुढे ओव्हर फक्त इंग्रजी मेडिकल शब्दांत आणि हळू आवाजात.

संध्याकाळी कानिफनाथच्या सलूनमध्ये गुप्ततेचे महत्त्व पटवले. उदाहरणादाखल खाट दोनचे दुखणे सांगितले. नाव अर्थातच घेतले नाही. फक्त गाव सांगितले, आणि बसस्टँडसमोरचे किराणा दुकान. कानिफनाथने ओळखले. हुशार आहे.

बुधवार, १३ जानेवारी

योग पाहा. खाट सातवर रंगनाथमामा दाखल! म्हणजे चांगुणाचे मामा. दिवाळीत संगमनेरपलीकडच्या अकोल्याला जाऊन जी मुलगी पाहून आलो, ती चांगुणा. एस.एस.सी. पास. तिचे वडील मामांना विचारल्याशिवाय चहासुद्धा घेत नाहीत.

मामांना मूळव्याध. पण गावात, आणि मामींनासुद्धा, अपेंडिक्स सांगून आलेत. अपेंडिक्सला इभ्रत आहे. मामा सोसायटीचे चेअरमन, खुर्चीत बसण्याचेच काम. बसताना तोंड वाकडे झाले तर विरोधी पार्टी काय करील, ते सांगायला नको.

मामांनी माझा हात धरला. म्हणाले, पाव्हनं, ह्ये तुमच्या-माझ्यात राह्यलं, तर डिस्चार्जच्या दिवशीच सुपारी फोडू. म्हटले, मामा, माझे पोट म्हणजे तिजोरी.

शुक्रवार, १५ जानेवारी

ऑपरेशन काल झाले. मामा इंजेक्शनच्या गुंगीत.

खाट सातच्या पायथ्याशी मी दमयंतीला अगदी कानात म्हटले, हेमॉरॉइड्स, पोस्ट-ऑप. ती मोठ्याने म्हणाली, आपल्याकडे पेशंटच्या पायथ्याशी कधी कुजबुजतात, ते ठाऊक आहे ना ब्रदर? जुन्या वळणाची बाई. दुर्लक्ष केले.

शिवाय ड्रेसिंग चारचौघांत नको, म्हणून पडदा लावला. वॉर्डात हिरवा पडदा एकच. कोपऱ्यात धूळ खातो. पेशंट शेवटच्या घटका मोजू लागला की तेवढा बाहेर काढतात. एवढी चांगली वस्तू, आणि वापर किती कमी! मी तो दिवसभर तसाच ठेवला.

शनिवार, १६ जानेवारी

पद्धतीला यश. वॉर्डात कधी नव्हे ती शांतता. खाट सातपाशी लोक चपला काढून येतात. छबूबाईने मामींना जवळ घेऊन पाठीवरून हात फिरवला. बाईमाणसांत जिव्हाळा असतो.

मामी मनकर्णाबाईंनी मला गाठून विचारले, खरं सांगा, हाय का न्हाई आशा? मी म्हटले, कॉन्फिडेन्शियल. आणि मान खाली घातली. मामींनी तोंडाला पदर लावला. अपेंडिक्सची एवढी धास्ती! त्यांनी एस.टी.च्या ड्रायव्हरजवळ अकोल्याला काही निरोप धाडल्याचे कळते. फळेबिळे मागवली असतील.

रविवार, १७ जानेवारी

कसोटीचा दिवस. उतरलो.

दुपारी अकोल्याहून जीप भरून माणसे आली. चांगुणा आली. विरोधी पार्टीचा गोरक्षनाथसुद्धा आला, हातात हार. मामींनी पडदा बाजूला सारून दुपारच्या इंजेक्शनने झोपलेल्या मामांच्या तोंडात तुळशीचे पान आणि पाणी घातले. मामांना ठसका लागला. तो शेवटचाच, असे समजून बायकांनी हंबरडा फोडला. त्यांचे ऐकून इतर खाटांवरचेही रडू लागले. मेट्रनबाई धावत आल्या. दमयंती कपाळाला हात लावून उभी.

डोके शाबूत फक्त माझे. स्टुलावर चढलो. छातीतून आवाज काढला. स्वच्छ मराठीत सांगितले की कोणी मरत नाही, अपेंडिक्सही नाही, मूळव्याध आहे, साधी मूळव्याध! मागे ऐकू गेले नाही, म्हणून छबूबाईने हात वर केला. पुन्हा सांगितले.

रडणे जागच्या जागी थांबले. मग कोणी तरी फिसकन हसले आणि सगळा वॉर्डच हसू लागला. गोरक्षनाथ तर भिंत धरून हसत होता. आनंदीआनंद. मामांनी डोळे उघडले, माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा मिटले. काही उपकार बोलून दाखवता येत नाहीत.

फक्त चांगुणा हसली नाही. ती मामांकडे पाहत होती. गंभीर मुलगी आहे. संसाराला बरी.

बुधवार, २० जानेवारी

डिस्चार्ज. सकाळीच नवा सदरा घातला. सुपारी खिशात, ऐन वेळी धावाधाव नको.

मामा माझ्याकडे पाठ करून निघाले. जीपमध्ये एका कुशीवर टेकून बसले. गोरक्षनाथ आला होता, गावातर्फे खुर्चीवर घालायची मऊ उशी घेऊन. ती त्याने साऱ्या दवाखान्याला दाखवत दिली. मामी तेवढ्या मागे थांबल्या. म्हणाल्या, आमच्या घरात आमटी पातळ झाली तरी ती आमी झाकून वाढतो. तुमच्या घरात पोरगी कशी द्यावी?

दमयंतीने कान भरले असणार. स्त्रियांच्या पोटात काही राहत नाही. कानिफनाथला हे सविस्तर सांगितले.

शनिवार, २३ जानेवारी

चांगुणाची सुपारी फुटली. संगमनेरचा कोणी कंपाउंडर. मुलगा फारसा बोलत नाही, हा म्हणे त्याचा गुण.

ड्यूटीवर आलो तेव्हा दमयंती आणि दुसरी सिस्टर औषधांच्या कपाटाशी कुजबुजत होत्या. माझी पद्धत शेवटी रुजली, असे वाटून जवळ गेलो. बोलणे थांबले. छबूबाईने काही न विचारता माझ्या पाठीवरून हात फिरवला.

चांगुणा मला फार आवडली होती. एवढी एकच गोष्ट मी कोणालाही सांगितली नव्हती. तिलासुद्धा नाही.