शुक्रावरचे कोळी

अराल्स्क, ऑक्टोबर २००६

प्रिय राइनहोल्ड,

आपली मालिका गेल्या आठवड्यात पुन्हा दाखवली. अल्माटीच्या स्टुडिओत कुणाला तरी फिल्मचे डबे सापडले म्हणे, आणि रोज संध्याकाळी एक असे सहाही भाग लागले. आमचा टीव्ही मोठा, त्यामुळे गल्ली आमच्याकडेच लोटली. चहा देता देता मी उभ्याउभ्याच पाहिली. एकोणतीस वर्षांनी स्वतःला यानातली वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून पाहिलं. दूरच्या चुलतबहिणीचे फोटो बघावेत तसं वाटलं.

मजा आली ती भलत्याच गोष्टींची. आपलं यान १९९९ साली शुक्रावर उतरतं, पण कप्तान पृथ्वीशी बोलतो तबकडी फिरवायच्या फोनवरून. यंत्रांच्या भिंतीपुढे बसून खुशाल सिगारेट ओढतो. प्रत्येक निर्णयाला सगळ्यांचे हात एकदम वर जातात, एकाचाही खाली राहत नाही. कप्तान रशियन, डॉक्टर रशियन, आणि सफरचंदाची रोपं लावायला मी, कझाख मुलगी. शेजारची कुल्याश म्हणाली, "अगं उल्मेकेन, माणूस शुक्रावर पोचला तरी कप विसळायला तूच का गं?" सगळे हसले, मीही हसले. तेव्हा हे कुणाच्याच डोळ्यांत खुपलं नव्हतं, माझ्याही नाही. आपण पुढचा काळ रंगवतोय असं समजत होतो, आणि रंगवत होतो ते स्टुडिओच्या खिडकीबाहेरचंच. खऱ्या १९९९ मध्ये मी बाजारात लोकरीचे मोजे विकत होते, तू आपल्या पूर्वजांच्या जर्मनीत स्थिरावला होतास, आणि यानावर ज्या देशाचा झेंडा होता तो देशच उरला नव्हता.

मग पाचवा भाग लागला. कुल्याशच्या सुनेनं विचारलं, "एवढा मोठा सेट कुठे उभारला होता हो?" मी सांगितलं, सेट कसला, बंदरापुढचा समुद्राचा तळ तो. नद्या कापसाच्या शेतांकडे वळवल्यावर पाणी मागे सरलं तसा उघडा पडलेला, मिठानं पांढरा. स्टुडिओला परका ग्रह आयताच मिळाला. परग्रहवासीही इथलेच घेतले, हाताला काम नसलेले कोळी, डोक्यावर चंदेरी शिरस्त्राणं चढवून. त्यांत माझे वडील होते. त्यांची होडी तिथेच वाळूत रुतलेली होती. कॅमेऱ्यामागे तू होतास, आणि देखरेखीला आलेले साहेब तुला म्हणाले होते, "ते गंजकं लोखंड दिसता कामा नये. भविष्यात गंज नसतो, कॉम्रेड." तू मान डोलावलीस आणि कॅमेरा वळवलास.

निदान मी तरी इतकी वर्षं तसंच धरून चालले होते. आता नीट पाहिलं. परग्रहवासी कप्तानाला सलाम करतात, तिथे तू कप्तानाला सोडून भलत्याच माणसाकडे गेलास. उकाड्यानं त्यानं शिरस्त्राण काढलंय आणि तो आपल्या होडीकडे बघतोय. होडी कडेला अर्धीच दिसते. कॅमेरा तिथून हलत नाही, हलत नाही. साहेबांना तो अभिनयच वाटला असावा.

वडील आता चौऱ्याऐंशीचे आहेत. त्यांनीही ते पाहिलं, आणि झोपायला गेले. त्यांची-तुझी शेवटची भेट तू विसरला नसशील. चित्रण संपल्यावर तू आमच्या दारात येऊन माझा हात मागितलास, तेव्हा ते म्हणाले होते, "समुद्र गेला. आता पोरगीही नेणार का?" तू स्टुडिओच्या गाडीनं परत गेलास, मी इथेच राहिले. पुढे मी दाउलेतशी संसार केला. चांगला माणूस होता, सहा वर्षांपूर्वी वारला. तुझी बायको गेल्याचं तुझ्या बहिणीनं कळवलं होतं. तेव्हा चार ओळी लिहायला हव्या होत्या, राहून गेलं.

इकडे समुद्राला बांध घातल्यापासून पाणी परत येतंय. अजून गावापर्यंत नाही, आपला शुक्र कोरडाच आहे. पण बाजारात मासळी दिसते आणि कोळ्यांची पोरं पुन्हा जाळी घेतात.

आता पत्राचं कारण. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना वडील अचानक म्हणाले, "सगळ्यांना आम्ही शुक्रावरचे दिसत होतो. त्या जर्मन पोरानं तेवढं मला ओळखलं." मग पेला खाली ठेवून म्हणाले, "लिही त्याला. म्हणावं, माझी हरकत नाही." मी विचारलं, कशाला? "त्यानं विचारलं होतं ना, त्याला." मी पंचावन्नची झाले, हे त्यांच्या लक्षात आणून दिलं. तर माझ्यावरच खेकसले, "मग आणखी उशीर कशाला करतेस, पोरी?" तेव्हा त्यांचा निरोप जसाच्या तसा कळवते आहे. त्यात माझं एवढंच की, यायचं असेल तर थंडी पडायच्या आत ये. जानेवारीतला इथला वारा आता तुला सोसायचा नाही.

तुझीच,
उल्मेकेन