मुक्ताबाईंचे आठ दिवस

बिबवेवाडी, पुणे
१४ नोव्हेंबर २००६

प्रिय श्रीधर,

सप्रेम सलाम. फोनच केला असता. पण तुझ्याशी फोनवर बोलायचं म्हणजे दर दोन मिनिटांनी 'ताई, एक मिनिट हं' ऐकून ताटकळत बसायचं, आणि मला आज सलग बोलायचंय. म्हणून पत्र. बसून वाच.

तू दर सोमवारी चर्चच्या मंडळीतल्या सगळ्यांना ई-मेलने जे मनन पाठवतोस, ते आमची निकिता सायबर कॅफेतून छापून आणते, कारण मुक्ताबाईंना ते मोठ्याने वाचून दाखवावं लागतं. कालचा विषय होता 'कृपा आणि रोजचं शिष्यत्व'. छान लिहिलंयस. दुसऱ्या परिच्छेदाला मला बेडपॅन धुवायला उठावं लागलं, त्यामुळे शेवट अजून वाचायचाय. रोजचं शिष्यत्व कसं असतं याची ज्यांना फार उत्सुकता आहे, त्या तुझ्या हिंजवडीच्या जोडप्यांना एक दिवस इकडे पाठव. पत्ता तुझ्याकडे आहेच.

'आठ दिवस ठेव, ताई,' असं तू म्हणाला होतास. मांजरी गावातल्या त्यांच्या खोलीत त्या पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, मागेपुढे कुणी नाही. मंडळीतर्फे वृद्धाश्रमाचं बघतो म्हणालास. चौदा महिने झाले. जन्मभर बायबलबाई म्हणून घरोघर वचनं सांगत फिरलेली बाई आता एका कॉटवर आहे, आणि ऐकायला फक्त मी. भाजीत मीठ कमी, पंखा जोरात, मग पंखा हळू. शेजारच्या कमरजहांभाभी खिमा घेऊन आल्या, तर त्यांच्यादेखत डोळे मिटून प्रार्थना सुरू, की प्रभू, या आनंदीच्या रागाचं तूच काहीतरी कर. भाभींनी 'आमीन' म्हटलं. पहिल्या दिवशी हॉलमधल्या बुद्धमूर्तीवर कापड टाका म्हणाल्या होत्या. संजयने वाद घातला नाही. कॉट उचलून फिरवली, तोंड खिडकीकडे केलं आणि आता झाडं बघा म्हणाला. आज अशी गत आहे की नखं कापायची तर संजयनेच. त्याला ऑफिसातून यायला उशीर झाला की माझ्यावर डाफरतात.

हे मी प्रेमाने करते असं तुझ्या मननात घालू नकोस. ही कोण बाई आहे ते तुला माहीत आहे. संजयशी नोंदणी पद्धतीने लग्न केल्यानंतरचा प्रभुभोजनाचा तो पहिला रविवार तू विसरला नसशील. तू अठरा वर्षांचा होतास, माझ्याच बाकावर होतास. मुलगा बौद्ध आहे, ही तक्रार चर्चच्या पंचांकडे मुक्ताबाईंनीच नेली होती. लहानपणी आपल्याकडून वचनं पाठ करून घेणाऱ्या मुक्ताबाईंनी. भाकरीचं ताट आपल्या बाकावर आलं, मला वगळून तुझ्यापुढे गेलं, आणि तू तुकडा घेतलास. मी तुला दोष देत नाही. खरं तर देते. त्यानंतर मी त्या दारात पाऊल टाकलेलं नाही. तू पाळक होऊन तिथेच आलास, त्यालाही सहा वर्षं झाली. दर नाताळला सांगतोस, तुझा विषय पंचांपुढे मांडतो. तिथे प्रोजेक्टर आला, ड्रम आले, इंग्रजी उपासना सुरू झाली. ते विषय मांडायला बरा वेळ मिळाला.

आता शुक्रवारचं. तू घरी प्रभुभोजन द्यायला आलास. मुक्ताबाईंच्या हातावर भाकरीचा तुकडा ठेवलास. मी उशाशी टॉवेल घेऊन उभी होते, पण सवयीने तू माझ्याकडे पाहिलंही नाहीस. तेवढ्यात तुझा मोबाइल वाजला आणि तू गॅलरीत गेलास. साउंड सिस्टीमवाला होता बहुतेक, 'माइक' असं दोनदा ऐकू आलं. तुला जे दिसलं नाही ते सांगते. मुक्ताबाईंनी तुकडा तोंडात घातला नाही. त्याचे दोन केले आणि एक माझ्यापुढे धरला.

"घे," त्या म्हणाल्या. "पंधरा वर्षांपूर्वी मी तुझ्या तोंडचा काढून घेतला होता."

मला राग आला, श्रीधर. इतका, की हात पुढे होईना. रडू नाही, काही नाही, नुसता राग. पंधरा वर्षं कुठे होतात, चौदा महिने माझ्या घरात होतात तेव्हा तरी का नाही बोललात, असं सगळं ओठांवर आलं. त्या तशाच हात पुढे धरून राहिल्या. मग म्हणाल्या, "हात दुखतोय माझा, आनंदी."

मी घेतला. तू आत आलास तेव्हा मी टॉवेलात तोंड खुपसून उभी होते, आणि तू विचारलंस, ताई, सर्दी झालीय का. हे नियमात बसत नसेल तर खुशाल पंचांना कळव.

आता सगळं गोड झालं असं समजू नकोस. आज सकाळीही चहा पांचट होता. पण शनिवारपासून त्यांनी हट्ट धरलाय. येत्या रविवारी चर्चला यायचं आणि त्या वेळी आपण काय केलं, ते मंडळीसमोर उभं राहून सांगायचं. डॉक्टर नको म्हणतात, मीही म्हणते. ऐकतील तर शपथ. उभं राहायचं तर त्यांना दोन्ही बाजूंनी धरावं लागतं. एका बाजूला संजय चालेल म्हणाल्या, दुसऱ्या बाजूला मीच हवी. म्हणजे मला आत यावं लागणार. तीन दिवस मी घरात भांडी आदळतेय आणि निकिताला वाटतंय मी चिडलेय. मी घाबरलेय, श्रीधर. हे संजयलाही सांगितलेलं नाही, तुला सांगते. त्या दिवशी माझ्याकडे न बघता बसलेले सगळे अजून त्याच बाकांवर असतील. म्हणून रविवारी तू आत वेदीपाशी थांबू नकोस. साडेआठला आमची रिक्षा येईल, तेव्हा फाटकात ये. मुक्ताबाईंना आम्ही दोघं धरू. तू मला धर.

तुझीच,
आनंदीताई