ओली बाळोती

माय, तुला पणती झाली. रंग कुणावर गेला ते अजून कळत नाही, पण झोपेत ओठ मुडपते ते थेट तुझ्यासारखं. हे तुला सांगावं तर तू नाहीस, आणि घरात दुसरं कुणी ऐकायला नाही, म्हणून इतक्या वर्षांनी कागद घेऊन बसले. दुसरीपर्यंतच शिकले मी, तुला ठाऊकच आहे. तुझे जवाई म्हणत, लिहिताना पुस्तकासारखं लिहावं, बोलल्यासारखं नाही. ते गेल्यापासून लिहायचं कारणच पडलं नाही. जमेल तेवढं करते.

लेक बाळंतपणाला आली तेव्हा इथे डोणगावात साबण दिसेना. लढाई चाललेली, कापडही मोजूनमापून मिळे. बाळोत्यांना कापड आणायचं कुठून? मग मी पेटी उघडली आणि तुझ्या जवायांची धोतरं काढली. कचेरीत नेसायची ती, धुऊन धुऊन लोण्यासारखी मऊ झालेली. फाडताना हात थांबला, खोटं कशाला बोलू. पण बाळोती काय छान झाली म्हणून सांगू. ते असते तर आधी रागावले असते आणि मग नातीला मांडीवर घेऊन बसले असते.

धुण्याची रीत तुझीच. मळकं बाळोतं आधी गार पाण्यात खळबळायचं, ऊन पाण्याने डाग पक्का बसतो. मग रिठ्याचा फेस, मग उकळायचं, मग कडक ऊन. आपलं सुलतानपूर लोणारला लागून, तळ्यातला खार घरोघर असायचा, तो टाकून तू बाबांची धोतरं उकळायचीस. पण लेकराच्या कपड्याला खार लागू द्यायची नाहीस, अंग सोलतं म्हणायचीस. नीळही नाही. निळीचं तर मी जन्मात विसरणार नाही. लहान होते, बाबांचं कोरडं धोतर तसंच निळीच्या पाण्यात टाकलं आणि त्यावर हे एवढाले ढग उतरले. "कपडा आंधी पुरता भिजला का ते पाह्य वं," तू म्हणालीस, "कोरड्याले नीळ जिथं लागते तिथंच बसते." बाबा तेच धोतर नेसून बाजारात गेले आणि तू दिवसभर माझ्याशी बोलली नाहीस.

तर काय सांगत होते, दोरी. हे गेल्यावर माझ्या दोरीवर एक लुगडं असायचं. आज हे, उद्या ते. वाऱ्याने हलायचं तेवढंच. आता मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरीशुभ्र बाळोती. शेजारीण कुडावरून म्हणाली, "बाई, तुमच्या दोरीकडे पाहून डोळे दिपतात." मी म्हटलं, "पाहू नको मग." पण आतून इतकी फुगले की भाकरी करपली.

आणि मग लेकीचा दीर तिला न्यायला बैलांची दमणी घेऊन आला. आज ना उद्या येणारच होता. रात्रभर लेकरू तिच्याजवळ निजलेलं आणि मी आपली दाराकडे तोंड करून पडलेली. सकाळी उठले, सुकून घडी घातलेली सगळी बाळोती उचलली आणि घंगाळात बुडवली. ओलं गाठोडं बांधून लेकीला सासरी लावून देत नाहीत आपल्यात. मला एक दिवस पाहिजे होता माय, एकच.

"काऊन वं माय? कालच त धुतले होते," लेक म्हणाली.

"पिवळट दिसून राह्यले. तुह्या सासरचे नावं ठेवतील मले."

तिने एक बाळोतं उचललं, उजेडात धरलं. बगळ्याच्या पंखासारखं होतं ते. माझ्याकडे पाहिलं. बाहेर जाऊन दिराला म्हणाली, "भावजी, कपडे ओले हायेत. उद्या निघू."

"मंग मी दिवसभर काय करू इथं?"

"बैलं धुवा," ती म्हणाली. "तेही पिवळट दिसून राह्यले."

हसता हसता हातातलं बाळोतं पाण्यात सुटलं, आणि माय, तेव्हा तू दिसलीस. लग्नानंतर पहिल्या खेपेला माहेरी येऊन मी परत निघाले आहे. हे मला न्यायला आले आहेत, आणि तू पहाटेच सगळं धुणं काढलं आहेस, त्यांच्या अंगावरचं धोतरसुद्धा. बाबांचं आखूड धोतर गुडघ्यापर्यंत नेसून ते ओसरीवर अवघडून बसले आहेत. "बसा जवाईबापू, सुकून राह्यलं," तू म्हणतेस. कचेरीची रजा संपलेली, मी चिडलेली. "तुले त पांढऱ्या कपड्याचं याडच लागलं," मी म्हणते. "हो, लागलं," तू म्हणतेस आणि खाली मान घालून पिळत राहतेस. किती वेळ तेच एक धोतर पिळत होतीस.

इतकी वर्षं मी लोकांना सांगत आले, माझ्या मायला पांढऱ्याचा भारी सोस. सोस कसला. माझ्या लेकीला एका नजरेत कळलं ते मला आज्जी झाल्यावर कळलं.

परवा ती गेली. ऊन असं कडक पडलं की दुपारपर्यंत सगळं खडखडीत सुकलं, दुसरं निमित्त सुचेना. हा कागद पाठवायचा कुठे, चुलीजवळच्या कोनाड्यात ठेवीन. दोरीवर एक झबलं आहे. शेजारणीने विचारलं तेव्हा म्हटलं, पोरगी विसरून गेली. विसरली नाही माय. गाठोडं बांधताना मीच हळूच काढून घेतलं. आज सकाळी पुन्हा धुतलं. कुणी घातलं नव्हतं.