चिमीचे बिनदुधाचे सरगुंडे

१२ मार्च, गुरुवार

डॉ. म्हणाले, दूध बंद. दही, पनीर, लोणी, चीज, सगळंच. चिमीच्या अंगावर वर्षभर उठणारे चट्टे त्यामुळेच. मी मान डोलावली, पण डोक्यात एकच, आता ही खाणार काय? सात वर्षांची पोर. भाकरी नको, भाजी नको. आवडीची गोष्ट एकच, माझा भाऊ पुण्याहून आणतो ते खोक्यातलं मॅकरोनी-चीज. आल्या आल्या चारही खोकी माळ्यावर टाकली. चिमी बघत होती. रडली असती तर बरं झालं असतं.

१४ मार्च, शनिवार

म्हटलं, आपणच करू. साधी मॅकरोनी उकडली. भिजवलेले काजू वाटून त्यात लसूण, हळद, मीठ, लिंबू. वीस मिनिटांचं काम, रंगही अगदी तोच. चिमीनं एक चमचा गिळला आणि म्हणाली, "आई, हे खोटं हाय." उरलेलं नवऱ्यानं संपवलं. तो काहीही संपवतो, त्याचं मत धरत नाही.

१७ मार्च, मंगळवार

शाळेत शिकवून घरी आले तर चिमीचे ओठ सुजलेले, डोळे बारीक. पोर दोन दिवस उपाशी म्हणून मामाजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, वरणभातावर तूप घालून भरवलं. दवाखाना, इंजेक्शन. सूज उतरली. मी त्यांना काय काय बोलले ते लिहीत नाही. ते एवढंच म्हणाले, "मले वाटलं, तूप म्हणजे दूध थोडीच हाय."

खरं सांगायचं तर मीही त्यांना तुपाचं बजावलं नव्हतं. आपल्याकडे तूप दुधात धरतं कोण? पण हे त्यांना सांगितलं नाही अजून.

१९ मार्च, गुरुवार

चिमी आबांच्या, म्हणजे मामाजींच्या, हातचं पाणीही घेत नाही. ते ग्लास पुढे करतात, ती माझ्याकडे बघते. तीस वर्षं एसटी चालवली, एका प्रवाशाला ओरखडा नाही, हे मामाजी रोज कुणाला ना कुणाला ऐकवायचे. दोन दिवस झाले, तेही बंद. स्वतःच्या ताटातलं तूपही बंद केलंय.

२२ मार्च, रविवार

मामाजी बाजारातून करडईचं बी घेऊन आले. म्हणे, "करडीचं दूध चालते का, डाक्टरले इचार न." मला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. तरी फोन केला. डॉ. म्हणाले, करडईचं तेल लहानपणापासून खाते ना, मग हरकत नाही, आधी थोडंच द्या.

दुपारी भिजलेली करडई वाटली, फडक्यात बांधून पिळली. आणि दूध आलं! पांढरं, दाट. मी विज्ञान शिकवते, बीत तेल असतं, पाण्यात वाटलं की असं होणारच, सगळं माहीत आहे मला. तरी बघतच राहिले. बारा वर्षं या घरात आहे, करडईची भाजी हजारदा केली, आणि हे माझ्या गावीच नव्हतं. मामाजी म्हणाले, "माय करे. म्हैस आटली का हेच."

मग मामाजी कणीक घट्ट मळायला बसले. तुऱ्हाटीची, म्हणजे तुरीच्या वाळक्या झाडाची, बारीक काडी, तिच्यावर कणकेची सुतळीएवढी वळी गुंडाळायची, हलकेच फिरवायची, काडी ओढून घ्यायची. सरगुंडे! माझी आई करायची, आमरसाबरोबर. स्टिअरिंगनं राठ झालेली ती बोटं, आणि एकही नळी फाटली नाही. मी केलेल्या सहातल्या चार फाटल्या. गच्चीवर ऊन द्यायला ठेवताना डोळे भरून आले. तेव्हा सांगून टाकलं, तुपाचं मीच बोलायला हवं होतं. ते सरगुंड्यांवरचं फडकं सारखं करत राहिले.

चिमी हळूच वर आली. एक नळी डोळ्याला लावून आभाळ बघितलं. "आई, ही मॅकरोनी आबानं केली?"

२४ मार्च, मंगळवार

परवा चमचाभर, काल वाटीभर करडईचं दूध दिलं होतं, काही झालं नाही. म्हणून आज केलंच. सरगुंडे उकडले. दुधाला चमचाभर ज्वारीचं पीठ लावून मंद आचेवर ढवळत ठेवलं, उकळी फुटली तर नासतं म्हणे. लसूण, हळद, मीठ, शेवटी लिंबू. चीजची चव नाही, खोटं कशाला लिहू. पण काहीतरी आहे. मी उभ्यानंच अर्धी वाटी खाल्ली.

चिमीनं ताटली आबांकडे सरकवली. "पह्यले तुमी खा."

त्यांनी खाल्लं. मग ती त्यांच्यासमोर मांडी घालून बसली आणि त्यांच्या ओठांकडे बघत राहिली. सुजतात का ते. मामाजी ओठ पुढे काढून, हलायचं नाही असे बराच वेळ बसले. मला हसूही येईना, रडूही येईना.

नंतर तिनं खाल्लं. आपल्या हातानं, मोजून पाच. मामाजींनी सहावा उचलून तिच्यापुढे धरला. तिनं तो हात नीट बघितला.

"उद्या," म्हणाली.