पाणवठ्याच्या वाटेवरचे चार धोंडे

आये, आज दवाखान्यातल्या समुपदेशनाच्या खोलीत माझ्यासमोर मायलेकी येऊन बसल्या होत्या. आई गप्प आणि बोलत होती ती लेकच. आईला झोप नाही, आई जेवत नाही, आईचं कशात मन लागत नाही, सगळं लेकीच्या तोंडून. मी लेकीला म्हटलं, "ताई, तुम्ही जरा बाहेर बसता का?" तिला ते अजिबात रुचलं नाही. एवढी रजा टाकून आईला घेऊन आलेय, आणि ही बया मलाच बाहेर काढते, असं तिच्या तोंडावर स्वच्छ लिहिलेलं. मला तिचं वाईट वाटलं. वीस-बावीस वर्षांपूर्वी तिच्या जागी मी होते, आणि मला बाहेर बसवणारं कुणी नव्हतं.

तेव्हा मी महाडला दवाखान्यात नर्स होते आणि नुकतीच एक नवी गोष्ट शिकून आले होते. माणूस अडचणीनं घेरला की त्याला सगळंच एकदम अंगावर आल्यासारखं वाटतं. अशा वेळी त्याला कागद द्यायचा. नेमकी अडचण काय ते एका ओळीत मांडायला सांगायचं, मग सुचतील तितके उपाय, अगदी वेडगळ वाटले तरी. प्रत्येकाचे फायदे-तोटे बघून एक निवडायचा, उद्याच करता येईल एवढं लहान काम ठरवायचं, आणि आठवड्यानं पुन्हा बसून बघायचं की काही फरक पडला का. साधी वाटते, पण अजूनही मी याच पद्धतीवर जगते. फक्त नव्यानं शिकलेल्या माणसाचा उत्साह फार वाईट. मी दिसेल त्याच्यापुढे कागद धरत होते. घरच्यांनाही सोडलं नव्हतं, मग तुला कशी सोडणार?

रविवार होता. पोलादपूरला एसटीतून उतरून दीड तास डोंगर चढून मी वाडीत पोचले तेव्हा तू चुलीपुढे नाचणीची भाकरी थापत होतीस आणि तुझा उजवा घोटा सुजलेला होता. "पाणवठ्यावरून येताना घसारले गो," म्हणालीस. मी ते लगेच टिपून घेतलं. कागद मी एसटीतच लिहून आणला होता. पहिली ओळ, तीन उपाय, त्यांचे फायदे-तोटे, शेवटी निवड : आईनं महाडला माझ्याकडे यावं, दोन्ही म्हशी शेजारच्या काकीकडे द्याव्यात. मी सगळं मोठ्यानं वाचून दाखवते आहे, आणि तू पिठाचे हात मांडीवर ठेवून, पदर डोक्यावर सारखा करून ऐकते आहेस. वाचून झाल्यावर विचारलंस, "आंगठा कुठं देऊ?" मी खो खो हसले. अगं, हा काही तलाठ्याचा कागद आहे का! पण तू तव्याच्या काजळीवर अंगठा टेकवलास आणि कागदाच्या खाली उमटवून मोकळी झालीस. मला वाटलं, तुला पटलं.

महाडच्या खोलीत तुला काही कमी नव्हतं. नळ घरात होता, दवाखाना हाकेच्या अंतरावर. तरी सकाळी उठून तू रिकामी कळशी घेऊन दारात उभी राहायचीस. "पानी येतं गो, पन कुनाची गाठ पडत नाय," असं एकदा म्हणालीस. वाडीतलं कुणी बाजाराला आलं की आधी म्हशींची चौकशी, मग माणसांची. तुझं जेवण कमी होत गेलं. मी रक्त तपासलं, टॉनिक आणलं. नर्स ना मी!

दुसऱ्या पावसाळ्यात एका दुपारी, का कोण जाणे, मी कागद न घेता तुझ्याजवळ बसले आणि विचारलं, "आये, तिकडे तुला त्रास कसला होता?" तू जराही वेळ घेतला नाहीस. "पानवठ्याची वाट. त्या वळनावर पाय सरायचा. तिथं चार धोंडे बसवले असते कुनी, तर झालं असतं."

"मग तेव्हा का नाही बोललीस?"

"तू कागद वाचलास. मला वाटलं, ठरलंय. कागदावर आल्यावर काय बोलायचं?" आणि माझा चेहरा बघून वर मलाच समजावलंस, "असू दे बाय. तू चांगल्यासाठीच केलंस." पाऊस सरला की वर जाऊ, धोंडे बसवून घेऊ, असं आपण ठरवलं. पाऊस सरायच्या आतच तू गेलीस. मी फार रडले, आये. अजूनही कळशी घेतलेली बाई दिसली की गलबलून येतं.

आज लेक बाहेर गेल्यावर ती आई बोलायला लागली. मी एक शब्द लिहिला नाही.

हे पत्र पाठवायचं तरी कुठे? तो कागद माझ्याकडे अजून आहे, त्याच घडीत हेही ठेवते. अंगठ्याची काजळी फिकट झाली आहे, पण पहिली ओळ ठळक आहे : "आई वाडीत एकटी असते." तुझी अडचण म्हणून मी ती लिहिली होती. तू एकटी नव्हतीस. मला दर पंधरा दिवसांनी तो डोंगर चढायचा कंटाळा आला होता.