तुमच्या लग्नाची तारीख

पेडगाव,
१९ जानेवारी २०२५

प्रिय धम्मशीला,
सप्रेम जय भीम.

फोनवर हे मला धड सांगता येणार नाही, म्हणून पालमच्या पत्त्यावर लिहितो आहे. तू आणि लेक छकुली बऱ्या असाल. मायचा गुडघा थंडीनं धरलाय, तोंड मात्र शाबूत आहे. हरभऱ्याला पाणी द्यायचे दिवस, त्यामुळे दुकानात विहिरींवरच्या जळालेल्या मोटारींची रीघ आहे. काल बोरीहून एक आली, दुसऱ्या कुणी भरलेली. वेढे कमी! सगळी तार काढून मी ती पुन्हा भरली. तसलं काम माझ्या हातून पुढे जात नाही.

तू विचारलंस, धम्माचं मागे राहिलेलं काम त्याच्या सरांना अजून का पाठवलं नाही. आधी मी वीज नाही म्हणालो, मग संगणक बिघडला म्हणालो. दोन्ही खोटं होतं.

काम काय ते पुन्हा लिहितो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. ट्यूबमधला पेटलेला वायू म्हणजे प्लाझ्मा. त्यातले इलेक्ट्रॉन हलके, ते सगळ्यांच्या आधी भिंतीवर जाऊन आदळतात. मग भिंतच ऋणभारित होते आणि मागून येणाऱ्यांना ढकलून लावते. धम्माचं म्हणणं, मार खाऊन भिंत स्वतःचेही इलेक्ट्रॉन फेकते, आणि एका मर्यादेला सगळा खेळ उलटतो, ढकलणारी भिंत ओढायला लागते. तेही पुस्तकं सांगतात त्याच्या बरंच आधी.

तो कॉलेजात शिकवणारा, मी दहावी. पण हा खेळ संगणकावर मांडणाऱ्या आमच्या प्रोग्रॅममधला भिंतीचा भाग माझा आहे, इंग्रजी पुस्तकं शब्दकोश घेऊन वाचून लिहिलेला. तो चिडवायचा, "दादा, तू तारेतला मास्तर, मी नुसता फळ्यावरचा." मी म्हणायचो, "मग फळा पूस आधी, चुकलायस."

त्याच्या अपघाताच्या आदल्या रविवारी पडद्यावर भिंत उलटली. आम्ही दोघांनी पाहिली. तो दुकानात नाचला. तुमच्या लग्नातसुद्धा तो इतका नाचला नव्हता.

आता लग्नाचंच सांगतो. कोणता इलेक्ट्रॉन कुठून निघेल हे प्रोग्रॅम नशिबावर सोडतो, पण त्या नशिबालाही सुरुवातीला एक आकडा द्यावा लागतो. आकडा तोच दिला की खेळ हुबेहूब तोच. धम्मानं तुमच्या लग्नाची तारीख दिली होती. ती बदलून पाहायला हवी होती. त्यानं बदलली नाही, मी सांगितलं नाही. चांगला आकडा लागलाय, कशाला हात लावायचा!

तो गेल्यावर सरांनी दुसरे आकडे घालून पाहायला सांगितलं. मी घातले. भिंत उलटली नाही. इलेक्ट्रॉन वाढवले, तरी नाही. फक्त तुमच्या तारखेला उलटते. तो निव्वळ योगायोग होता, धम्मशीला.

आणि प्रोग्रॅमच्या शेवटी त्यानं माझ्यासाठी एक ओळ लपवून ठेवली आहे. तो होता तेव्हा मी ती कधी वाचली नाही, आम्ही नाचण्यात होतो. भिंत उलटो न उलटो, ती येतेच. दर वेळी मी बघतो, जमलेलं नाही, आणि खाली अक्षरं उमटतात, "दादा, जमलं बघ!" मी वळून मागे पाहतो. मायनं एकदा विचारलं, "कुणाला बघायलास रं? कुणी आलंय का?" न्हाई म्हणालो. तिनं तरीही दोन कप चहा ठेवला.

दुसऱ्या आकड्यांनीही तेच आलं म्हणून जुन्या आकड्याचा निकाल पाठवला तर सर माझ्यावर विश्वास ठेवतील. धम्माचं नाव छापून येईल. तू छकुलीला तसं सांगून बसली आहेस, तेही मला माहीत आहे. पण ते दुसऱ्या कुणी तपासलं की त्याच नावाला लोक हसतील. त्याला मी कुणाला हसू देणार नाही. उद्या सरांना खरं कळवतो. तुला आधी कळावं म्हणून हे पत्र.

छकुलीला काय सांगायचं ते मला सुचत नाही. तू सांग.

त्याच्यामागे उरलेला,
नागेश